‘सेटलमेंट’ : एक इंग्रजी शब्द आणि रायपूरचा इतिहास

१. प्रस्तावना

इतिहासाचा अभ्यास करताना आपण सनावळ्या, व्यक्ती आणि घटना यांकडे लक्ष देतो. जुनी कागदपत्रे ज्या शब्दांत लिहिलेली असतात, त्या शब्दांकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. शब्द ओळखीचा असला की त्याचा अर्थही आपल्याला ठाऊक आहे असे आपण धरून चालतो. या पाठात आपण असाच एक रोजच्या वापरातला इंग्रजी शब्द घेणार आहोत : ‘सेटलमेंट’.

हा शब्द तुम्ही कुठे कुठे ऐकला आहे ते आठवून पाहा. भांडण मिटले की ‘सेटलमेंट झाली’ असे आपण म्हणतो. विमा कंपनी दावा ‘सेटल’ करते. थकीत कर्जदाराशी बँक ‘वन टाइम सेटलमेंट’ करते. मुलगा नोकरीला लागला, लग्न झाले, की आई-वडील ‘सेटल झाला’ म्हणून निःश्वास टाकतात. स्थापत्य अभियांत्रिकीच्या वर्गात हाच शब्द इमारतीचा पाया खचण्यासाठी वापरतात. पुरातत्त्वाच्या पुस्तकात पुणे जिल्ह्यातील इनामगाव ही ताम्रपाषाणकालीन ‘सेटलमेंट’ असते, म्हणजे वसाहत. आणि सोलापुरात एखाद्याने ‘मी सेटलमेंटमध्ये राहतो’ असे सांगितले, तर तो शहराच्या एका भागाचे नाव सांगत असतो.

मराठीत या सर्वांसाठी एकच शब्द नाही. तडजोड, निपटारा, स्थिरावणे, खचणे, वसाहत, पुनर्वसन, जमाबंदी, बंदोबस्त अशी प्रत्येक ठिकाणी वेगळी निवड करावी लागते. ही निवड करताना आपोआप एक प्रश्न उभा राहतो : इथे कोणी, कोणाचे, काय ठरवले? इंग्रजी शब्द हा प्रश्न झाकून ठेवतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो उघडा करायचा असतो. हे कसे करावे हे पाहण्यासाठी आपण मुख्यतः रायपूर आणि त्याच्या आसपासचा प्रदेश घेऊ. मधे तुलनेसाठी महाराष्ट्रातही डोकावू.

२. शब्दाची घडण

इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘आसन’ किंवा ‘बसण्याची जागा’ या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द आहे. जे हलत होते ते एका जागी बसवणे, ही त्यातली मूळ कल्पना. गढूळ पाणी स्थिर झाले की गाळ तळाशी बसतो. माणसे एका जागी बसली की वस्ती होते. वाद बसला की तडजोड होते. वारसाहक्क एका घराण्यावर बसवला की तोही ‘सेटलमेंट’च : इंग्लंडच्या संसदेने १७०१ मध्ये राजगादीचा वारसा ठरवणारा जो कायदा केला, त्याचे नाव ‘ॲक्ट ऑफ सेटलमेंट’. समुद्रापलीकडच्या ठाण्यांनाही इंग्रज हाच शब्द लावत. पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर मिळून १८२६ मध्ये ‘स्ट्रेट्स सेटलमेंट्स’ तयार झाल्या.

हिंदुस्थानात महसुलाच्या कामासाठी या इंग्रजी शब्दाला जोडीदार मिळाला तो ‘बंदोबस्त’. हा फारसी शब्द असून त्याच्या दोन्ही अर्ध्यांचा अर्थ बांधणे असाच आहे. आज मराठीत बंदोबस्त म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गणेशोत्सवातले पोलीस उभे राहतात. रायपूरच्या तहसील कचेरीत मात्र बंदोबस्त म्हणजे जमिनीची मोजणी, प्रतवारी, हक्कनोंदणी आणि साऱ्याची आकारणी. महाराष्ट्रात त्याच कामाला ‘जमाबंदी’ म्हणतात. पुण्यातील जमाबंदी आयुक्तांचे इंग्रजी पदनाम आजही ‘सेटलमेंट कमिशनर’ असेच आहे.

इंग्रजी शब्दात ‘बसवणे’ आहे, फारसी शब्दात ‘बांधणे’ आहे. या दोन प्रतिमा लक्षात ठेवा. पुढच्या प्रत्येक उदाहरणात कोणाला बसवले आणि कोणाला बांधले, हे तपासायचे आहे.

३. पहिला अर्थ : जमिनीचा बंदोबस्त

रायपूर भोसल्यांच्या नागपूर राज्यात होते. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहत. १८१८ मध्ये, अप्पासाहेब भोसल्यांच्या पराभवानंतर, इंग्रजांनी देखरेख हाती घेतली आणि अधीक्षक ॲग्न्यू याने मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. त्याने १८२० मध्ये छत्तीसगड सुभ्यावर लिहिलेला अहवाल आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडतो. १८३० मध्ये कारभार पुन्हा भोसल्यांकडे गेला. तिसरे रघुजी १८५३ मध्ये औरस वारसाविना वारले आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला आणि त्यानंतर लगेच पहिल्या मोठ्या बंदोबस्ताचे काम हाती घेण्यात आले.

रायपूर जिल्ह्याचे काम जे. एफ. के. ह्युइट याने १८६२ ते १८६९ या काळात केले. शेजारच्या बिलासपूरचा अहवाल चिजम याने १८६८ मध्ये सादर केला. हे अहवाल अनेक वर्षांच्या कामाचे फलित होते. अमीन आणि मोजणीदार गावोगाव फिरले, शेतांना क्रमांक पडले, नकाशे काढले गेले, मातीची प्रत ठरली. छत्तीसगडच्या शेतकऱ्याची मातीची भाषा या कागदांत उतरली : काळी, भारी ‘कन्हार’, पिवळसर, हलकी ‘मटासी’, दोहोंच्या मधली ‘डोर्सा’, आणि लालसर, खडकाळ, उंचावरची ‘भाटा’. सारा ठरवताना ही प्रतवारी महत्त्वाची होती.

पण बंदोबस्ताचा खरा वजनदार भाग आकारणी हा नव्हता. जमीन कोणाची, हा निर्णय त्याहून मोठा होता. मराठा अमलात गावाचा वसूल गौंटिया गोळा करीत असे. गौंटिया म्हणजे गावाचा प्रमुख. तो लागवड वाढवी, नवी कुळे आणी आणि सरकारी मागणी गावात वाटून देई. तो गावाचा मालक होता, असे मात्र म्हणता येत नाही. रिचर्ड टेंपल मुख्य आयुक्त असताना मध्य प्रांतात जे धोरण राबवले गेले, त्यानुसार गौंटिया, पाटील, ठेकेदार अशा वसूल भरणाऱ्यांना गावाची मालकी देण्यात आली. हेच मालगुजार. विदर्भातल्या वाचकांना हा शब्द नवा नाही. नागपूर, भंडारा, चांदा या जिल्ह्यांतही हेच घडले.

याचा परिणाम काय झाला ते पाहा. ज्याच्याकडे वसुलीचे काम होते त्याच्याकडे विकता येणारी, गहाण टाकता येणारी मालमत्ता आली. जो पिढ्यान्‌पिढ्या शेत कसत होता तो त्या मालमत्तेवरचा कूळ ठरला. कुळांच्या काही वर्गांना संरक्षण मिळाले आणि १८८३ च्या मध्य प्रांत कूळ कायद्याने त्याला निश्चित रूप दिले. पण गावातले अंतर कागदावर पक्के झाले होते. पुढे बंगाल-नागपूर रेल्वे आली, धान्याला दूरचे बाजार मिळाले, जमिनीची किंमत वाढली. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत कर्जापायी मालकी हक्क हातचे गेले. मालकी विकण्याजोगी झाली नसती, तर ती सावकाराकडे जाऊही शकली नसती.

आणखी एक गोष्ट या कागदांत मावली नाही. छत्तीसगडच्या अनेक गावांत ‘लाखाबाटा’ नावाची चाल होती. काही वर्षांनी गावातली शेते नव्याने वाटली जात. प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला थोडी कन्हार, थोडी मटासी, थोडी भाटा येई. चांगली जमीन कायम एकाकडे आणि वाईट जमीन कायम दुसऱ्याकडे राहत नसे. इंग्रज अधिकाऱ्यांना ही पद्धत सुधारणेतला अडथळा वाटे : शेत उद्या दुसऱ्याकडे जाणार असेल तर बांध कोण घालील, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण एकदा खसऱ्यात शेताचा क्रमांक आणि कसणाऱ्याचे नाव यांची जोडी लागली, की शेते फिरवत ठेवणे अवघड होते. ही चाल पुढच्या काळात मागे पडत गेली. गावाने स्वतःची केलेली एक सेटलमेंट होती. सरकारच्या सेटलमेंटपुढे ती टिकली नाही.

तुलना : बंगालमध्ये १७९३ चा बंदोबस्त ‘कायमचा’ होता, म्हणजे जमीनदाराने भरायचा सारा कायमचा ठरला. मध्य प्रांतातला बंदोबस्त मुदतीचा होता, म्हणजे मुदत संपली की नवी पाहणी आणि नवी आकारणी. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापूरपासून सुरू केलेली पद्धत रयतवारी होती. तीही मुदतीची, साधारण तीस वर्षांची; पण तिथे सरकारचा थेट संबंध शेतकऱ्याशी होता. ही मुदत संपल्यावर पुणे-नगर भागात वाढलेला सारा हे १८७५ च्या दख्खनच्या दंग्यामागच्या कारणांपैकी एक मानले जाते. तीन प्रांत, तीन पद्धती आणि शब्द एकच. म्हणून परीक्षेत ‘सेटलमेंट’ शब्द आला की आधी विचारा : कोणाशी केलेली आणि किती काळासाठी?

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश विधिमंडळाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपवली. ३१ मार्च १९५१ पासून हे हक्क शासनाकडे आले. मालगुजार गेले, बंदोबस्ताचे कागद मात्र राहिले.

४. त्या कागदांचे आजचे काम

हा भाग केवळ जुन्या काळाचा आहे असे तुम्हाला वाटत असेल, तर छत्तीसगडमधल्या एखाद्या वर्गमित्राला जातीचा दाखला कसा मिळाला ते विचारा. अनुसूचित जातींचा राष्ट्रपतींचा आदेश १० ऑगस्ट १९५० चा आहे आणि अनुसूचित जमातींचा ६ सप्टेंबर १९५० चा. त्या तारखेपूर्वी आपले कुटुंब या प्रदेशात राहत होते आणि त्याची जात ही होती, याचा पुरावा अर्जदाराकडे मागितला जातो. एवढा जुना शाळेचा दाखला खेड्यातल्या फार थोड्या घरांत सापडतो. मग लोक ‘मिसल’ शोधतात. मिसल म्हणजे जुन्या बंदोबस्ताची गावनिहाय कागदपत्रे. त्यात कुळाचे नाव, बापाचे नाव, जात आणि गाव लिहिलेले असते. सारा वसूल करण्यासाठी लिहिलेली एक ओळ पणतूच्या शिष्यवृत्तीचा आधार होते.

ही व्यवस्था उपयोगी आहे, पण तिच्यात एक मूळचा दोष आहे. बंदोबस्ताच्या कागदात सारा किंवा खंड देणाऱ्याचे नाव येते. ज्याच्याकडे जमीनच नव्हती, जो दुसऱ्याच्या शेतात राबत होता, त्याचे नाव त्यात येण्याचे कारणच नव्हते. म्हणजे आरक्षणाची सर्वांत जास्त गरज ज्या भूमिहीन घरांना आहे, त्यांच्याच पूर्वजांची नावे मिसलमध्ये नसण्याची शक्यता सर्वांत जास्त. २०१३ च्या छत्तीसगडच्या कायद्यानंतर, कागद नसेल तेव्हा ग्रामसभेच्या ठरावाचा आधार घेण्याचा मार्ग ठेवण्यात आला, त्यामागे हीच अडचण आहे.

दुसरा दोष लेखनाचा. नाव सांगणारा छत्तीसगडी बोलत असे, लिहिणारा उर्दू किंवा हिंदी शिकलेला असे आणि छापील यादी इंग्रजीत होई. एकाच जातीची तीन-चार रूपे तयार झाली आणि यादीत नसलेले रूप ज्याच्या कागदावर आले त्याचा दाखला अडकला. २०२३ मध्ये संसदेने छत्तीसगडच्या अनुसूचित जातींच्या यादीत ‘महार, मेहरा, मेहर’ यांच्याबरोबर ‘महारा’ आणि ‘महरा’ ही रूपे घातली. त्याच वर्षी अनुसूचित जमातींच्या यादीतही अशा अनेक रूपांची भर पडली. एका काना-मात्रेसाठी संसदेत विधेयक आणावे लागले, हे लक्षात घ्या.

बंदोबस्ताच्या कागदांची चांगली बाजूही सांगितली पाहिजे. ‘वाजिब-उल-अर्ज’ या नोंदीत गावाचे रिवाज लिहिलेले असतात : रस्ता कुठून, पाणी कोणाचे, चराई कुठे. ‘निस्तार’ म्हणजे सरपण, चराई, तळे, स्मशान अशा रोजच्या गरजांचे सामाईक हक्क. छत्तीसगडमध्ये ‘निस्तारी तलाव’ हा शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत दाव्याचा पुरावा म्हणून सेटलमेंट अहवालांचा नावाने उल्लेख आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. पूर्व विदर्भातल्या अशा अनेक दाव्यांत जुन्या निस्तार नोंदी महत्त्वाच्या ठरल्या आहेत. हक्क बांधण्यासाठी केलेला कागद कधी कधी हक्क परत मिळवण्याच्या कामीही येतो.

५. दुसरा अर्थ : माणसांची वसाहत

आता रायपूर शहरातून विमानतळाच्या दिशेने जाऊ. वाटेत माना लागते. १९६४ च्या सुरुवातीला पूर्व पाकिस्तानात दंगली उसळल्या आणि हिंदू निर्वासितांचे लोंढे भारतात आले. त्यांच्यासाठी माना इथे तात्पुरते संक्रमण केंद्र उघडण्यात आले. तंबू पडले, एका छावणीच्या अनेक छावण्या झाल्या. त्यातल्या एकीचे नाव ‘माना भाटा’. भाटा हा शब्द आपण वर पाहिला : बंदोबस्ताच्या प्रतवारीतली सर्वांत हलकी जमीन. ज्या जमिनीवर फारसे काही पिकत नाही, तिथे माणसे ठेवली गेली.

मानाहून कुटुंबे पुढे दंडकारण्यात पाठवली जात. दंडकारण्य प्रकल्प केंद्र सरकारने १९५८ मध्ये सुरू केला होता. तो बस्तर आणि ओडिशातील कोरापुट-कालाहांडी भागात होता. सरकारी भाषेत हे ‘रीसेटलमेंट’, म्हणजे पुनर्वसन. परलकोट भागात, आजच्या कांकेर जिल्ह्यात, वसवलेल्या गावांना नावे नव्हती, क्रमांक होते : पी. व्ही. १, पी. व्ही. २ असे. पी. व्ही. म्हणजे ‘परलकोट व्हिलेज’. ओडिशातील मलकानगिरीत त्याच धर्तीवर एम. व्ही. आले. आजही तिथले लोक गावाचे नाव म्हणून हा क्रमांकच सांगतात. महाराष्ट्रातही चंद्रपूर आणि गडचिरोली भागात अशा बंगाली वसाहती झाल्या.

या वसाहतींची गोष्ट दोन बाजूंनी वाचावी लागते. येणारे बहुसंख्य नमःशूद्र समाजाचे, नदीकाठच्या भातशेतीत आणि मासेमारीत वाढलेले. त्यांना पाणी दूर असलेली खडकाळ जमीन मिळाली. ज्या घरांत कमावता पुरुष नव्हता, अशा विधवा-वृद्धांसाठी पुनर्वसन खात्याच्या कागदांत ‘पर्मनंट लायबिलिटी’ म्हणजे ‘कायमचे दायित्व’ असा वर्ग होता. माणसांच्या वर्गाला हिशेबाच्या वहीतला शब्द लावलेला होता. १९७८ मध्ये हजारो कुटुंबे दंडकारण्य सोडून सुंदरबनातील मरिचझापी बेटाकडे गेली. १९७९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने पोलीस कारवाई करून त्यांना तिथून हुसकले. सरकारच्या लेखी ज्यांचे पुनर्वसन पूर्ण झाले होते, ते लोक स्वतःच्या लेखी कुठेच स्थिरावलेले नव्हते.

दुसरी बाजू बस्तरच्या गोंड आणि इतर आदिवासींची. सरकारी नकाशावर रिकामे दिसणारे जंगल त्यांच्या दृष्टीने रिकामे नव्हते. तिथे त्यांची चराई, शिकार, फिरती शेती आणि देवस्थाने होती. एकाला बसवताना दुसऱ्याची जागा आक्रसली. दोन्ही समाज गरीब आणि दोघांनाही निर्णयात फारसे विचारलेले नाही.

आता मागच्या भागातली मिसल आठवा. निर्वासितांच्या पूर्वजांची नावे रायपूर-बस्तरच्या कोणत्याही बंदोबस्तात सापडणार नाहीत. पश्चिम बंगालमध्ये नमःशूद्र अनुसूचित जातींत आहेत. छत्तीसगड आणि महाराष्ट्रात वसवलेल्या त्यांच्या नातेवाइकांना तो दर्जा मिळावा ही मागणी अनेक वर्षे चालू आहे. म्हणजे एका सेटलमेंटमध्ये राहणाऱ्या मुलाला दुसऱ्या सेटलमेंटचा कागद हवा आहे आणि तो असणे शक्यच नाही.

६. तिसरा अर्थ : तारेच्या आतली वस्ती

माना छावणीत लोक आश्रयाला आले होते. पण वसाहतकाळात ‘सेटलमेंट’ हा शब्द शिक्षेच्या जागेलाही लावलेला आढळतो. त्यासाठी आपल्याला रायपूर सोडून सोलापूरला जावे लागेल.

१८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्स कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यातही लागू झाली. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आधी विजापुरात आणि मग सोलापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी ‘सेटलमेंट’ उभ्या राहिल्या. फिरस्त्या जमातींची कुटुंबे तिथे आणून ठेवली. तारेचे कुंपण, रोजची हजेरी, बाहेर जायला पास. सोलापूरच्या सेटलमेंटमधली माणसे शहरातल्या गिरण्यांत कामाला जात आणि ठरल्या वेळी परत येत. इथे सेटलमेंट म्हणजे हलणाऱ्याला जबरदस्तीने बसवणे. मूळ शब्दातल्या ‘आसना’ची ही सर्वांत क्रूर तऱ्हा.

याच स्टार्टच्या अध्यक्षतेखाली १९२८ मध्ये मुंबई सरकारने दलित आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणारी समिती नेमली होती आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. व्यक्तींकडे पाहताना एका रंगात रंगवू नये, यासाठी ही नोंद.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. भटके-विमुक्त समाज हा दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळतात. सोलापुरात कुंपण गेले, नाव उरले. पत्त्यावर ‘सेटलमेंट’ लिहिणाऱ्या तरुणाला नोकरीच्या मुलाखतीत काय ऐकावे लागले असेल, याची कल्पना तुम्ही करू शकता.

इंग्लंड-अमेरिकेत त्याच सुमारास हा शब्द अगदी वेगळ्या अर्थाने रूढ झाला होता. १८८४ मध्ये लंडनच्या गरीब वस्तीत ‘टॉयन्बी हॉल’ सुरू झाले. शिकलेले तरुण तिथे गरिबांच्या शेजारी राहायला गेले. अशा घरांना ‘सेटलमेंट हाउस’ म्हणतात. तिथे माणसे स्वेच्छेने राहायला गेली, इथे पकडून आणली गेली. शब्द मात्र एकच.

७. चौथा अर्थ : तडजोड

वादाचा निकाल लावणारी सेटलमेंट वरवर पाहता सर्वांत निरुपद्रवी वाटते. दोघे भांडत होते, समजुतीने मिटले. पण इथेही सही कोणाची, हे विचारावे लागते.

रायपूरच्या दक्षिणेला दल्ली-राजहरा इथे भिलाई पोलाद कारखान्याच्या लोहखनिजाच्या खाणी आहेत. १९७७ मध्ये तिथल्या ठेका कामगारांनी मान्यताप्राप्त संघटनांनी केलेला बोनसचा करार नाकारला. कायम कामगारांना मिळाले त्याच्या मानाने त्यांच्या वाट्याला फारच थोडे आले होते. त्यांनी छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ ही स्वतःची संघटना उभारली आणि शंकर गुहा नियोगी यांना नेतृत्वासाठी बोलावले. २ आणि ३ जून १९७७ रोजी झालेल्या पोलीस गोळीबारांत अकरा जण मरण पावले.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘सेटलमेंट’ची व्याख्या होती. समेट अधिकाऱ्यासमोर झालेला समेट कारखान्यातल्या सर्व कामगारांवर, पुढे भरती होणाऱ्यांवरही, बंधनकारक असतो. अधिकाऱ्याविना परस्पर केलेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांवर. हा फरक कोरडा वाटतो, पण दल्ली-राजहराचा प्रश्न याच जागी होता : आमच्या वतीने सही करण्याचा अधिकार कोणाला? लोकअदालतीच्या बाबतीतही हेच ध्यानात ठेवा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार तिथे झालेल्या तडजोडीच्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून सही करण्यापूर्वी समजून घेणे आवश्यक.

८. शब्द कसा वाचावा

वरील चारही अर्थांत एक साम्य आहे. ‘सेटलमेंट’ हे नाम आहे आणि नामात कर्ता दिसत नाही. ‘रायपूर जिल्ह्याची सेटलमेंट १८६९ मध्ये पूर्ण झाली’ या वाक्यात ती कोणी केली, कोणावर केली, हे कुठेच नाही. तेच वाक्य मराठीत क्रियापदाने सांगून पाहा : ‘इंग्रज सरकारने वसूल भरणाऱ्याला गावाचा मालक ठरवले आणि कसणाऱ्याला कूळ.’ आता कर्ता आला, कर्म आले, वाद घालायला जागा झाली.

म्हणून कोणत्याही साधनात हा शब्द भेटला की चार प्रश्न विचारा.

(१) ठरवणारा कोण आणि ज्याच्यावर ठरवले तो कोण?
(२) नेमके काय बसवले : सारा, मालकी, माणसे की वाद?
(३) किती काळासाठी? मुदत संपल्यावर काय?
(४) कागदावर कोणाचे नाव आले आणि कोणाचे राहिले?

यातला चौथा प्रश्न सर्वांत अवघड, कारण त्याचे उत्तर त्या कागदात नसते. लाखाबाटा करणारे गाव, भूमिहीन मजूर, परलकोटचा गोंड, बोनसच्या करारात ज्याला विचारले नाही तो ठेका कामगार : यांची बाजू कळण्यासाठी कागदाबाहेर जावे लागते. त्यासाठी मौखिक इतिहास, जमातीच्या कथा, ग्रामसभेचे ठराव आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी उपयोगी पडतात.

९. सारांश

‘सेटलमेंट’ या एका शब्दाखाली महसुलाची आकारणी, मालकीचे वाटप, निर्वासितांची वसाहत, विमुक्तांची कैद आणि कामगारांची तडजोड असे अनेक व्यवहार सामावले आहेत. रायपूरच्या बंदोबस्ताने वसूल देणाऱ्याला मालक केले आणि ज्यांची नावे लिहिली त्यांच्या वंशजांना आज पुरावा दिला. ज्यांची लिहिली नाहीत ते अजून पुरावा शोधत आहेत. भाषांतर करताना तडजोड, वसाहत, बंदोबस्त यांपैकी जो शब्द तुम्ही निवडाल, त्यात तुमचा इतिहासाचा अर्थही ठरलेला असतो. तो जाणीवपूर्वक ठरवा.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. कायमचा बंदोबस्त, रयतवारी आणि मालगुजारी यांतील फरक ‘कोणाशी’ आणि ‘किती काळासाठी’ या दोन मुद्द्यांच्या आधारे स्पष्ट करा.
२. लाखाबाटा पद्धतीच्या बाजूने आणि विरोधात प्रत्येकी दोन मुद्दे मांडा.
३. जुने बंदोबस्ताचे कागद जातीचा पुरावा म्हणून वापरण्याचे फायदे आणि मर्यादा कोणत्या?
४. आपल्या घरातील किंवा गावातील जमिनीचा सर्वांत जुना कागद मिळवा. त्यात कोणाची नावे आहेत आणि त्या वेळी गावात असूनही कोणाची नाहीत, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एक पान लिहा.